गांधीनगरला जाण्याआधी व्हॅक्यूम शिका

फ्यूजनचं, म्हणजे अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवण्याचं काम जवळून पाहायचं, तर कोल्हापूरच्या फिजिक्सच्या मुलांनी गांधीनगरजवळच्या भाट गावातली प्लाझ्मा संशोधन संस्था गाठावी. (आपलं कापडबाजाराचं गांधीनगर नव्हे, गुजरातचं.) १९८९ मध्ये सुरू झालेला ‘आदित्य’ टोकामॅक (निर्वात कड्यात चुंबकांनी प्लाझ्मा, म्हणजे तापून विद्युतभारित झालेला वायू, कोंडणारं यंत्र) तिथलाच.

प्लाझ्माची समीकरणं सगळेच पाठ करून जातात. पण हाताला पहिलं काम बहुधा व्हॅक्यूमचं लागतं, आणि तयारी तिथंच कमी पडते.

कॉनफ्लॅट फ्लँजमधलं (व्हॅक्यूमचे पाइप जोडणाऱ्या धारदार कडेच्या पोलादी चकत्यांमधलं) तांब्याचं गास्केट, म्हणजे सील करणारी कडी, एकदाच वापरायचं. फ्लँजची धार तांब्यात रुतून सील होतं, त्यामुळे जुनं गास्केट परत बसवलं की गळती ठरलेलीच. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर गास्केट तिरकं दबतं. हातात नायट्राइल मोजे हवेतच. बोटाचं तेल आत गेलं की दिवसचे दिवस वायू सोडत राहतं.

गळती शोधताना बाहेरून जोडांवर हेलियम मारतात आणि तो आत शिरला का ते यंत्रावर पाहतात. तो वरून खाली मारत या. तो हलका असल्यानं वर चढतो. खालून सुरुवात केली तर वरची गळती खालच्या जोडावर दाखवतो. दाब उतरत नाही आणि हेलियमही दिसत नाही, तेव्हा आरपार नसलेल्या आट्यांच्या भोकात अडकलेली हवा तपासा. तिथं मधून भोक पाडलेला स्क्रू लागतो.

उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये आठवडाभर लेथ, व्हर्निअर आणि ड्रॉइंग समजून घ्या. एवढं सोन्यासारखं शिक्षण घराजवळ आहे.