एक्क्यांची जोडी आणि पाच ऑल-इन

मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या एका कॅसिनो जहाजावर मी सात वर्षांपासून पोकरच्या टेबलावर डीलर म्हणून काम करते. मी डिचोलीची. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास मनाई आहे, त्यामुळे ज्या टेबलावर रोज शेकडो हात वाटते त्या टेबलावर खेळाडू म्हणून मी कधी बसलेले नाही. पैसे माझे नसतात आणि पत्तेही माझे नसतात. त्यामुळे खेळणाऱ्याला त्या क्षणी जे दिसत नाही ते मला पुष्कळदा दिसते, असे मला वाटते. गेल्या पावसाळ्यातल्या एका सोमवारी असेच झाले.

सोमवारी आमच्याकडे छोट्या बाय-इनची, म्हणजे प्रवेशशुल्काची, स्पर्धा असते. प्रत्येकाला १५,००० चिप्स मिळतात आणि दर वीस मिनिटांनी ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधी दोन खेळाडूंनी लावायच्या सक्तीच्या रकमा, वाढतात. त्या दिवशी ४६ जण होते आणि बक्षिसे पहिल्या सहांनाच होती. अशा स्पर्धेला सुट्टीवर आलेली मंडळी अधिक येतात. त्यांचे पत्त्यांशी नाते दिवाळीतल्या तीनपत्तीतून जुळलेले असते, आणि पत्ते टाकून देणे म्हणजे फुकटची माघार, अशी त्यांची समजूत असते. माझ्या टेबलावर पुण्याहून आलेले दोन मित्र होते आणि ते जवळजवळ प्रत्येक हात खेळत होते. त्यांच्या समोरच्या बाजूला कोल्हापूरचे एक साठीचे गृहस्थ बसले होते. वर्षातून पाच-सहा वेळा ते येतात, खिशात छोटी डायरी ठेवतात, आणि तासाला चार-पाच हातांपेक्षा जास्त खेळत नाहीत. आम्ही सगळे डीलर त्यांना काका म्हणतो.

ब्लाइंड ५००-१,००० झाले तेव्हा काकांकडे १८,००० चिप्स होत्या. त्यांनी पत्ते कोपऱ्यातून उचलून पाहिले आणि ३,००० ची रेज केली, म्हणजे सट्टा तेवढ्यावर नेला. पुढच्याने ६,५०० मध्ये ऑल-इन केले, म्हणजे होत्या तेवढ्या सगळ्या चिप्स लावल्या. त्याच्या पुढचा ११,००० मध्ये ऑल-इन झाला. पुण्याच्या पहिल्या मित्राने, ज्याच्याकडे २६,००० होते, कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले, आणि ३१,००० घेऊन बसलेल्या दुसऱ्या मित्रानेही केला. काकांनी सगळ्या १८,००० चिप्स पुढे ढकलल्या. पहिला मित्र थोडा हसला आणि २६,००० मध्ये ऑल-इन म्हणाला. दुसऱ्यानेही ते मान्य केले. ब्लाइंड लावलेल्या दोघांनी त्याआधीच पत्ते टाकले होते.

असा हात आला की डीलरने पहिल्यांदा आपला वेग कमी करायचा असतो. सगळ्यांत छोट्या रकमेपासून सुरुवात करून एकेक थर वेगळा काढावा लागतो, कारण ६,५०० लावणारा माणूस कोणाकडूनही ६,५०० पेक्षा जास्त जिंकू शकत नाही. पाच जणांचे प्रत्येकी ६,५०० आणि ब्लाइंडचे १,५०० मिळून मुख्य पॉट, म्हणजे जिंकायचा ढीग, ३४,००० चा झाला. उरलेल्या चौघांचे प्रत्येकी ४,५०० म्हणजे १८,००० चा पहिला साइड पॉट, तिघांचे प्रत्येकी ७,००० म्हणजे २१,००० चा दुसरा, आणि दोन मित्रांचे प्रत्येकी ८,००० म्हणजे १६,००० चा तिसरा. चार ढीग मांडून मी बेरीज पुन्हा केली. ८९,००० जुळले. मग मी पाचही जणांना पत्ते उघडायला सांगितले, कारण सट्टा संपलेला असताना स्पर्धेत पत्ते लपवून ठेवता येत नाहीत.

काकांकडे इस्पिक आणि किलवर एक्के होते. ६,५०० वाल्याकडे चौकट राजा-राणी, ११,००० वाल्याकडे चौकांची जोडी, पहिल्या मित्राकडे बदाम सत्ती-अठ्ठी आणि दुसऱ्याकडे किलवर गुलाम-नव्वी होती. फ्लॉपवर, म्हणजे सगळ्यांसाठी टेबलावर उघडायच्या पहिल्या तीन पत्त्यांत, बदाम दश्शी, बदाम तिर्री आणि इस्पिक राणी आली. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, किलवर राजा आला आणि दुसऱ्या मित्राची नव्वीपासून राजापर्यंतची सिक्वेन्स पूर्ण झाली. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पत्त्याला, बदाम दुर्री आली आणि पहिल्या मित्राचे पाच बदाम, म्हणजे कलर, झाले.

दुसऱ्या मित्राने दोन्ही हात ढिगाकडे नेले. मी तळहात मध्ये धरून त्याला थांबवले. तो म्हणाला, “सिक्वेन्स आहे माझी, कलरपेक्षा मोठी!” तीनपत्तीत ते खरेच आहे. तीन पत्त्यांच्या २२,१०० संभाव्य हातांमध्ये साध्या सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६ असतात, म्हणून तिथे सिक्वेन्स दुर्मीळ आणि म्हणून वरची. पाच पत्त्यांत हे उलटते, कारण एकाच रंगाचे पाच पत्ते जमणे फार कठीण होते: २५,९८,९६० हातांमध्ये कलर ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२००. सत्ती-अठ्ठी घेऊन बसलेल्या पहिल्या मित्राला आपण जिंकलो हे तोवर उमजलेलेच नव्हते. चारही ढीग त्याच्याकडे गेले.

काका उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात राग होता. “पोरी, तू पत्ते नीट पिसले होतेस का? तीन तासांत तिसऱ्यांदा असं झालंय, आणि या दोघांना काही कळत नसताना.”

असा प्रश्न आला की डीलरने उत्तर द्यायचे नसते. मी हात उघडे ठेवले आणि फ्लोअरला, म्हणजे देखरेख करणाऱ्या सुपरवायझरला, बोलावले. सुपरवायझरने कॅमेऱ्याचे चित्रण मागवले, मी पत्ते पसरून कालवले, दोनदा पिसले, गड्डी कापली, फ्लॉप, टर्न आणि रिव्हरआधी एकेक पत्ता जाळला, म्हणजे न उघडता बाजूला ठेवला, हे सगळे तपासले आणि निकाल कायम केला. त्या पंधरा मिनिटांत माझी मान एकदाही वर गेली नाही. काही चुकले नाही हे मला ठाऊक होते. तरीही ज्या माणसाचा आदर वाटतो त्याने संशय घेतला तर तो लागतो.

माझी पाळी रात्री संपली. जेटीवर उतरले तेव्हा पाऊस थांबला होता. मांडवीवरच्या अटल सेतूचे दिवे पाण्यात हलत होते. काका बाकावर बसून कोणाची तरी वाट पाहत होते. टेबलावर मी खेळाविषयी एक शब्द बोलू शकत नाही, पण जेटीवर ते बंधन नव्हते. ते स्वतःच म्हणाले, “मघाशी बोललो ते मनात धरू नकोस. पण मला हे समजत नाही की एक्क्यांची जोडी दर २२१ हातांत एकदा येते, आणि ती अशा लोकांपुढे हरायची?”

मी त्यांना सांगितले, की एक्क्यांची जोडी एका अनोळखी हातापुढे शंभरात सुमारे ८५ वेळा जिंकते, पण चार अनोळखी हातांपुढे ती साधारण ५६ वेळाच टिकते. त्या चौघांपैकी एकाला लागणारे पत्ते दुसऱ्याच्या हातात फारसे अडकलेले नव्हते, म्हणून प्रत्यक्षात आकडा त्याहूनही कमी असणार. ४० धरू. काकांच्या वाट्याला येऊ शकणारी रक्कम ३४,००० अधिक १८,००० अधिक २१,०००, म्हणजे ७३,००० होती. तिचे ४० टक्के २९,२०० होतात आणि त्यांनी लावले १८,०००. निष्काळजीपणे खेळणाऱ्या त्या दोघांनी काकांना, खरे तर, मोठी देणगी देऊ केली होती. फक्त ती देणगी दहातून सहा वेळा हातात पडत नाही. ३,००० च्या ऐवजी आणखी मोठी रेज केली असती तर एखादा कमी झाला असता, असे मला अजूनही वाटते. पण सगळ्या चिप्स पुढे करण्याचा निर्णय चूक नव्हता. इथल्या स्पर्धांत वर यायचे तर चार-पाच ऑल-इनमधून जावेच लागते. प्रत्येक वेळी पारडे ८०-२० आपल्या बाजूला असले तरी पाचही वेळा टिकण्याची शक्यता ३३ टक्केच उरते.

काकांनी डायरी उघडली. गेल्या अडीच वर्षांत त्यांनी ३१ स्पर्धा खेळल्या होत्या, चारमध्ये बक्षीस मिळाले होते, आणि प्रत्येक ओळीसमोर बाय-इन आणि मिळकत नीट लिहिली होती. हिशेबात ते थोडे खाली होते. त्यांनी विचारले, “मग मी चांगला खेळतो की वाईट, हे यावरून सांगता येईल?”

मी म्हटले, “नाही काका. बक्षीस थोड्यांनाच आणि तेही पहिल्या-दुसऱ्यालाच मोठे, अशा स्पर्धेत ३१ ही संख्या फार लहान आहे. काही शे स्पर्धा झाल्या की कुठे कल दिसायला लागतो.”

“पाचशे?”

“तेवढ्या झाल्या तर बरे.”

ते बोटांवर हिशेब करू लागले. वर्षाला बारा स्पर्धा धरल्या तर पाचशेला जवळजवळ बेचाळीस वर्षे लागतात. वय त्यांनी आधीच सांगितले होते, एकसष्ट. त्यांनी पेन काढून त्या दिवसाची ओळ लिहिली: तारीख, बाय-इन, तेविसावा क्रमांक, मिळकत शून्य. मग पुढे, जिथे इतर कोणत्याही ओळीत काही लिहिलेले नव्हते तिथे, त्यांनी लिहिले: “एक्के. बरोबर खेळलो.” त्यांना न्यायला आलेली गाडी जेटीसमोर थांबली, आणि ते उठले.

दुसऱ्या दिवशी कळले, की ८९,००० घेऊन बसलेला पहिला मित्र नवव्या क्रमांकावर बाद झाला, आणि फक्त ५,००० चिप्स उरलेला त्याचा मित्र तिसरा आला.