२.३ आणि ३.७

कर्तव्यदक्षता मोजणाऱ्या दहा विधानांच्या प्रश्नावलीची फाईल माझ्याकडे तपासायला आली, तेव्हा निष्कर्षाचा मसुदाही लिहून झाला होता. घटक विश्लेषणात, म्हणजे कोणत्या विधानांची उत्तरं एकत्र बदलतात हे पाहताना, एकाऐवजी दोन घटक (गट) निघालेले. पाच सुलट विधानं (होकार म्हणजे दक्षता) एकीकडे, पाच उलट विधानं (होकार म्हणजे तिचा अभाव) दुसरीकडे, दोन्हींत सहसंबंध जवळपास शून्य. त्यावरून ‘शिस्त’ आणि ‘चालढकल’ हे दोन स्वतंत्र स्वभावगुण आहेत, अशी मांडणी झाली होती. क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत याचं माप, ०.६९. कमी, पण कुणी दचकेल इतका नाही.

मेख तिथेच होती. उलट विधानांचे गुण फिरवायचे (१ चे ५, २ चे ४ असे करायचे) सरसकट राहिले असते, तर अल्फा ऋणसुद्धा आला असता आणि चूक त्याच दिवशी सापडली असती. इथे चूक अर्धीच होती.

मी अल्फा बाजूला ठेवून एकेका विधानाचा हिस्टोग्राम, म्हणजे कोणता आकडा किती जणांनी दिला याचा आलेख, काढला. ‘मी कामं अर्धवट सोडतो’ या विधानाला दोन उंचवटे होते, एक २ वर, दुसरा ४ वर. एकाच गटातली माणसं सहसा अशी दुभंगत नाहीत. माहिती दोन तुकड्यांत गोळा झाली होती, म्हणून तुकडीनिहाय सरासरी काढली: २.३ आणि ३.७. बेरीज बरोबर ६. आणि १ ते ५ च्या मापनश्रेणीवर उलट गुण म्हणजे ६ वजा मूळ गुण! उरलेल्या चार विधानांतही बेरीज सहाच्याच आसपास. पहिल्या तुकडीचे गुण आधीच फिरवले होते. दुसरी जोडल्यावर तीच आज्ञा सगळ्या फाईलवर पुन्हा चालवली आणि पहिली तुकडी मूळपदावर गेली. कॉलमचं नाव तेच, जुने आकडे पुसलेले. मूळ कॉलमवरच नवे आकडे लिहिण्याची ही सवय मोडायलाच हवी. फिरवलेले गुण नव्या कॉलममध्ये, नव्या नावाने ठेवायचे. लेख तपासणारेही अल्फा तेवढा विचारतात, कच्च्या उत्तरांची वारंवारता कुणी मागत नाही.

दुरुस्तीनंतर अल्फा ०.८१ झाला. तरी उलट विधानांचा एक फिकट घटक उरलाच. श्मिट आणि स्टल्ट्स यांनी १९८५ मध्ये दाखवलं होतं की दहातल्या एकाने जरी विधानाची दिशा न पाहता उत्तरं दिली, तरी असा घटक उभा राहतो. फाईलमध्ये दहाही विधानांना एकच आकडा देणारे होते. सगळीकडे ४ दिले तर पाच वेळा ४ आणि फिरवून पाच वेळा २, एकूण ३०. सगळीकडे ५ दिले तरी ३०. कुठलाही आकडा घ्या, ३०च. न वाचता खुणा करणारा असा नेमका मधला, ‘सामान्य’ माणूस म्हणून नोंदला जातो.

त्यांना वगळायचं की ठेवायचं? नियम आधी लिहून ठेवलेला नव्हता. निकाल पाहून वगळणं म्हणजे हवी ती माणसं निवडणं, आणि ठेवणं म्हणजे न वाचलेली उत्तरं मोजणं. मी दोन्ही विश्लेषणं शेजारी शेजारी दिली. त्यातलं मुख्य कोणतं, हे माझं अजून ठरत नाही.