प्रॉम्सची शेवटची रात्र, उभ्याने ऐकलेली

सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून एक्झिबिशन रोडला लागलात, तर रॉयल अल्बर्ट हॉलचा पत्ता विचारायची गरज नाही. डिनर जॅकेटवर युनियन जॅकची टोपी चढवलेले आजोबा दिसले की त्यांच्या मागे चालू लागायचं.

आठ आठवडे चाललेल्या प्रॉम्सची, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या उन्हाळी महोत्सवाची, ही सांगता. बसायची तिकिटं मिळणं नशिबाचा भाग, म्हणून मी उभं राहायचं तिकीट घेतलं होतं. खरं तर या महोत्सवाचा जीव त्यातच आहे. 1895 साली रॉबर्ट न्यूमनने क्वीन्स हॉलमध्ये ही मालिका सुरू केली, ती सामान्य माणसाला स्वस्तात चांगलं संगीत ऐकता यावं म्हणून. हेन्री वुड तेव्हा तरुण कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, होता. त्याने पुढे जवळजवळ अर्धं शतक ती सांभाळली. 1941 मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळाला आणि प्रॉम्स इथे आले. त्या ढिगाऱ्यातून वाचलेला वुडचा अर्धपुतळा आजही रंगमंचावर मागे उभा असतो आणि शेवटच्या रात्री त्याला श्रोतेच हार घालतात. गंमत अशी की सर्वांत स्वस्त तिकीटवाले थेट कंडक्टरच्या पुढ्यात उभे, आणि दणकून पैसे मोजलेले त्यांच्या मागे, वर.

पूर्वार्ध शहाण्यासारखा जातो. मध्यंतरानंतर मात्र फुगे, पिपाण्या, कागदी फिती, सगळं बाहेर येतं. ट्रफल्गरच्या आरमारी लढाईच्या शताब्दीसाठी वुडने 1905 साली सागरगीतांची एक माळ गुंफली होती. त्यातल्या ‘टॉम बोलिंग’मध्ये, म्हणजे एका मेलेल्या खलाशाच्या शोकगीतात, चेलो (व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ) एकटाच, फार हळवं वाजतो. तो सुरू झाला आणि आजूबाजूला भराभर रुमाल निघाले. माझ्या शेजारच्या बाईंनी तर घरून बाटलीतून पाणी आणलेलं. रुमाल त्यात बुडवून त्या पुढच्या माणसाच्या खांद्यावर पिळत होत्या, हुंदके देत. तो बिचारा मान न वळवता चेलो ऐकत राहिला. चेलोवादकही ढिम्म! लगेच हॉर्नपाइप, खलाशांचा नाच. लय चढत जाते, लोक पाय आपटून टाळ्या देतात, वाद्यवृंद त्यांना मागे टाकायला बघतो आणि टाकतोच. सवाईच्या मंडपात समेवर मान डोलावणाऱ्या माझ्यासारखीला हा सगळा वाह्यातपणा वाटायला हवा होता. पण मीही पाय आपटत होते.

‘रूल, ब्रिटानिया!’ला मात्र तोंड उघडलं नाही. 1740 च्या सुमाराचं गाणं, चाल टॉमस आर्नची, ठसकेबाज. पण ‘ब्रिटन कधीही गुलाम होणार नाहीत’ हे पाच हजार गळ्यांतून ऐकताना, ज्यांना गुलाम केलं त्यांची नात गप्पच राहणार. इंग्रजांनाही ते टोचतं. 2020 मध्ये हे गाणं शब्दांविना वाजवायचं ठरलं, त्यावर गदारोळ झाला आणि शब्द परत आले. मला आवडलेला तोडगा 2016 चा: पेरूचा टेनर (उंच पट्टीचा गायक) हुआन दिएगो फ्लोरेस तिथल्या जुन्या इंका राजाच्या वेशात येऊन हे गायला. एका साम्राज्याने बुडवलेल्या राजाने दुसऱ्या साम्राज्याची आरती म्हणायची, याहून तिरकस उत्तर नाही.

इंग्रज संगीतकार एल्गरच्या ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ मार्चला मात्र माझा विरोध वितळला. 1901 मध्ये प्रॉम्सला तो पहिल्यांदा वाजला तेव्हा लोकांनी दोनदा वन्समोअर घेतला होता. ती मधली चाल ऐकल्यावर त्यांचं नवल वाटत नाही. सर्वांत शेवटी ‘ऑल्ड लँग साइन’ हे निरोपाचं जुनं स्कॉटिश गाणं, अनोळखी माणसांचे हात हातात अडकवून. ओला रुमालवाल्या बाईंचा हात माझ्या वाट्याला आला.

जाणार असाल तर जरूर जा, पण निव्वळ संगीतासाठी नको. त्यासाठी ऑगस्टमधला एखादा साधा मंगळवार बघा, त्याच जागी उभे राहा, आणि पायांत चांगले बूट घाला.