मुरूम, काळी माती आणि फुफाटा: कच्च्या वाटेवरची सायकल

कच्च्या वाटेला जायचं म्हटलं की सायकल कोणती घेऊ, हा प्रश्न आधी येतो. त्याच्याही आधी जमीन कोणती ते बघा. देशावर एकाच गावच्या शिवारात माळाला मुरूम असतो आणि ओढ्याकाठी काळी माती. मुरमातून पाणी निचरतं, मोठी सर येऊन गेली तरी तास-दोन तासांत वाट पुन्हा चालवण्याजोगी होते. काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकटते आणि चांगलं ऊन पडलं तरी दोन दिवस सोडत नाही. पावसाळ्यात माळावरची वाट धरा, काळ्या रानातल्या वाटा दिवाळीनंतरसाठी ठेवा.

तरीही काळ्या चिखलात सापडलात तर पहिल्या गोळ्यालाच उतरा. चिखल फोर्कमध्ये (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या चिमट्यात) आणि ब्रेकपाशी साचतो, त्यात काड्या आणि गवत अडकतं, चाक जाम होतं. अशा वेळी जोर लावून पेडल मारणं सगळ्यात महागात पडतं. डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा मागचा भाग, चिखलासकट ओढला जाऊन मागच्या चाकाच्या तारांत घुसतो आणि हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारी छोटी पट्टी, तुटतो. पंक्चर कुठल्याही गावात निघेल, तुमच्या सायकलचा हँगर तालुक्यालाही मिळणार नाही. एक जादा हँगर आणि तो बसवायची अ‍ॅलन की पिशवीत असायलाच हवी. सायकल उचलून कडेच्या गवतावर घ्या, चिखल काडीने काढा आणि मगच चाक फिरवा.

हवेबद्दल. सत्तर किलोच्या माणसाला 700×40 (40 मिमी रुंद) टायरमध्ये ट्यूब असेल तर पुढे 35 आणि मागे 40 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते; 29×2.1 (2.1 इंच रुंद) ला पुढे 26, मागे 30. डांबरावरची हवा तशीच ठेवली तर खडीवर चाक उड्या मारतं आणि पकड सुटते. फार कमी केली तर दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडी दिसली की हवा वाढवा. एकच बारीक भोक असेल तर काटा.

आपल्याकडे खरा त्रास काट्यांचाच. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडतो आणि टोक आत राहतं. ट्यूबला ठिगळ लावून तसंच बसवलं तर शंभर पावलांवर पुन्हा हवा जाते. टायर आतून कापसाच्या बोळ्याने फिरवून पुसा. टोक असेल तिथे कापूस अडकतो. बोटाने चाचपू नका. ठिगळासाठी ट्यूबला सोल्युशन लावल्यावर ते सुकून हाताला चिकटेनासं होईपर्यंत, चार-पाच मिनिटं, थांबावंच लागतं. बहुतेक ठिगळं ह्या घाईपायी सुटतात. कोरड्या दिवसांत वाटेच्या कडेला काटेरी सराटा पसरलेला असतो, म्हणून सावलीसाठी थांबायचं तर सायकल उचलून न्या. ट्यूबलेस असेल तर 40 च्या टायरला 60 मिली सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) घाला आणि उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी तपासा, ते उन्हाने वाळतं.

उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्या पडतात. चाकोरीतून बाहेर पडताना हँडल तिरकं करून काठाला घासत राहिलात की पडणारच. वेग कमी करा, पुढचं चाक हलकं करा आणि एका झटक्यात काठावर चढवा. फुफाट्यात पुढचा ब्रेक नको. हलका गिअर, वजन मागे, हात सैल आणि पाय फिरते.

वाट विचारायचीही एक रीत आहे. ‘हा रस्ता पुढं जातो का?’ ह्याला उत्तर बहुधा ‘जातो की’ असंच येतं. ‘मामा, इथनं ट्रॅक्टर जातो का?’ असं विचारा. ‘रोज जातो’ म्हणाले तर निर्धास्त जा. ‘पूर्वी बैलगाडी जायची’ म्हणाले तर पाणंद घाणेरी-बाभळीने बुजलेली असणार. तिथूनच मागे फिरा आणि दुसरी वाट विचारा.