दुछत्तीवरची पिशवी : नवातले सहा उभे राहिले

दिवाळीच्या सफाईत आईकडच्या दुछत्तीवरून, म्हणजे माळ्यावरून, जी पिशवी निघाली होती, तिचं काम आता बऱ्यापैकी मार्गी लागलंय, म्हणून मंडळी आज जरा सविस्तर लिहितोय. पिशवीत होते नऊ जी.आय.जो (लहानपणचे ते हातपाय हलणारे प्लास्टिकचे छोटे सैनिक), एक लिओ मॅटेलचा ही-मॅन आणि एक पत्र्याची फटफट बोट. नवातले सहा जो आज कपाटात स्वतःच्या पायावर उभे आहेत. नोव्हेंबरात एकही नव्हता, सगळ्यांची धडं एकीकडे आणि पाय एकीकडे.

कारण जुन्या लोकांना माहीतच आहे, ओ-रिंग. नवीन आलेल्यांसाठी सांगतो, १९८२ पासून जे पावणेचार इंची जो आले त्यांच्या पोटात एक काळी रबरी रिंग असते, वर ती छातीतल्या स्क्रूच्या खुंटीवर बसते आणि खाली पाय ज्यात अडकलेले असतात त्या टी आकाराच्या धातूच्या हुकात. कंबर वळते, माणूस बसतो, ते सगळं या एका रिंगच्या ताणावर. आता रबर तीस वर्षांत तसंही मरतंच, त्यात आमच्या ग्वाल्हेरचा मे महिना आणि पत्र्याखालची दुछत्ती, म्हणजे भट्टीच. बोट लावलं की रिंगचे तुकडे हातात.

नवीन रिंगांसाठी नवातल्या फ्लिंट नावाच्या जोला खिशात घालून बाड्याजवळच्या एका हार्डवेअरवाल्याकडे गेलो. तो रिंग बघून म्हणाला, "भैया, ये कौनसे पंप की है?" मग मी फ्लिंटच काउंटरवर ठेवला. बिचाऱ्यानी डबेच्या डबे उपसले आणि आम्ही दोघांनी मिळून तीन मापं काढली. पहिली ढिली, कंबर नुसती डुलत होती. दुसरी इतकी घट्ट की पाय हलवताना कमरेच्या तुकड्यातून कट्ट असा आवाज आला आणि माझा जीव वर आला, कारण घट्ट रिंगनी तो मांड्यांमधला बारीक भाग तुटतो, आणि तो एकदा गेला की गेला. तिसरी बरोबर बसली. थोडी ढिली चालेल पण घट्ट नको, हे माझं पक्कं मत झालंय.

स्क्रूचं पण सांगून ठेवतो. मोबाईल रिपेअरवाल्यांकडे असतो तो बारीक प्लसचा पेचकस घ्या, घरातला मोठा लावला तर डोकं झिजणार. आणि परत बसवताना आधी उलटा फिरवायचा, हलक्या हातानी, एका जागी तो टुक करून खाली बसतो, ती जुनी आटी, तिथून मग सुलटा आवळायचा. तसं नाही केलं तर स्क्रू प्लास्टिकमध्ये नवीन आटे पाडतो आणि दोन-तीन वेळा उघडल्यावर काही धरतच नाही. मी पहिल्या दोघांना सरळ आवळलं होतं, तेव्हा मला हे माहीत नव्हतं, त्यातल्या एकाची छाती आता नीट बंद होत नाही. त्याचं फार वाईट वाटतं.

आठ जो फनस्कूल या भारतीय कंपनीचे आहेत. मूळ अमेरिकन कंपनी हॅस्ब्रोचे तिकडे बंद झालेले साचे इकडे येऊन त्यातून वेगळ्याच रंगांत माल निघायचा, म्हणून तर बाहेरचे कलेक्टर आपले भारतीय जो शोधत असतात. आम्हाला लहानपणी ते रंगच खरे वाटायचे. बीचहेड नावाचा एक जो माझ्याकडे आहे, त्याच्या अमेरिकन रूपाचा फोटो मी मोठेपणी बघितला तर मला तोच नकली वाटला, अजूनही वाटतो.

नववा स्टॉर्म शॅडो, १९८४ च्या साच्याचा, आत्यानी तिकडून आणलेला, एकेकाळी पांढराशुभ्र. आता पिवळा. पिवळेपणा घालवायला पेरॉक्साइड वापर असं तुम्ही सगळे सांगत होतात, पण आमच्याकडे जानेवारीत धुकं, ऊनच नाही, म्हणून मार्चपर्यंत थांबलो. केमिस्टकडून ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं, आणि फक्त छातीचे दोन भाग काचेच्या बरणीत बुडवून गच्चीवर ठेवले, सकाळी नऊपर्यंतच, नंतरच्या उन्हात पाणी तापतं आणि प्लास्टिक वाकायची भीती. पाच सकाळी लागल्या. छाती पांढरी झाली, खरंच झाली. पण हातापायात धातूच्या पिना आहेत, त्या पेरॉक्साइडमध्ये काळ्या पडतात, आणि हातावर तो लाल शिक्का आहे, तो उडाला तर मी स्वतःला माफ करणार नाही. म्हणून हातपाय पिवळेच ठेवलेत. शिवाय हा पिवळेपणा काही वर्षांनी परत येतो असं बऱ्याच जणांचं झालंय, मग एवढ्यासाठी शिक्का पणाला का लावायचा? पुढे मी कुणालाच ब्लीच करणार नाही. तुमच्या रांगेतले पांढरेशुभ्र बघून छान वाटतं, पण मला माझेच परत हवेत, मी खेळून झिजवलेले.

ही-मॅन चिकट झाला होता, कारण मऊ व्हिनाइलमधलं तेल हळूहळू बाहेर येतं. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, जुना टूथब्रश, झालं. फक्त त्याच्या छातीवरची पट्टी आता वेगळी ठेवतो, आणि त्या मऊ पीव्हीसीच्या चेनच्या पाऊचमध्ये कुणीही काही ठेवू नका, त्यातूनही असंच तेल सुटतं.

बोट मेळ्यातली. आमचा ग्वाल्हेरचा मेळा १९०५ चा, माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केलेला, आणि बाबा दर वर्षी एक खेळणं घेऊन द्यायचे, एकच. (पहिलं खेळणं जे मला मनापासून हवं होतं ते जयविलास राजवाड्यातली जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी, ते काही मिळण्यातलं नव्हतं.) तर बोटीच्या दोन्ही नळ्या गंजानी बुजल्या होत्या. इंजेक्शनच्या सिरिंजनी व्हिनेगर भरलं, रात्रभर ठेवलं, सकाळी तपकिरी पाणी निघालं, असं चार रात्री. यात इंजिन म्हणजे फक्त पत्र्याची छोटी डबी, खाली दिवा लावला की वाफ नळ्यांतलं पाणी मागे ढकलते, वाफ थंड झाली की पाणी परत आत येतं, बाहेर जाताना सरळ धार आणि आत येताना चहूकडून, म्हणून बोट पुढेच जाते. १८९१ च्या पेटंटपासून ही युक्ती तीच आहे. पाचव्या दिवशी टबात सोडली तर आधी काही नाही, मग एकदम फट-फट-फट, आणि बाबा आतल्या खोलीतून चष्मा न घालताच बाहेर आले.

राहिलेले तीन : एक छाती न मिटणारा, एक ज्याचा हुकच नाहीये (कुणाकडे तुटक्या जोचा पडला असेल तर सांगा, बदल्यात माझ्याकडच्या रिंगा पाठवतो), आणि तिसरा बीचहेड, उजवा अंगठा नसलेला. हा अंगठा मी आठवीत असताना बंदूक जबरदस्तीनी घुसवताना मोडला होता. गेल्या रविवारी आईला सहज म्हटलं तर तिनी बटणांचा डबा उघडून एक पुडी हातात दिली. आत अंगठा. सुपरग्लू लावायचा नाहीये, तो पांढरी धूळ सोडतो आणि एवढ्याशा जागी टिकत पण नाही, प्लास्टिक विरघळवून जोडणारं सिमेंट मागवलंय. तोवर पुडी परत बटणांच्या डब्यातच ठेवलीये.