रोजच्या पुरवठ्यावरचा भरवसा

आमच्याकडच्या अनेक ख्रिस्ती घरांत भिंतीवर एखादे वचन लावलेले असते आणि त्यांत फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या 4 थ्या अध्यायातील 19 वे वचन हमखास दिसते: माझा देव तुमची सर्व गरज पुरवील. हे वचन ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने बंदिवासातून लिहिले, हे मात्र भिंतीवर लिहिलेले नसते. फिलिप्पै येथील मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाने, एपफ्रदीताच्या हाती पाठवलेले दान त्याला पोहोचले होते, त्याची पोच आणि आभार मानताना, विपन्नावस्थेत व संपन्नतेत सारखेच राहायला आपण शिकलो आहोत असे सांगून झाल्यावर तो हे आश्वासन देतो. म्हणून या वचनाचा आधार घेऊन गाडी-बंगल्याची हमी देणारा उपदेश ऐकला की मला मनापासून वाईट वाटते. पौलाची बेडी तुटली नव्हती, तरी त्याची गरज भागली होती, आणि ती भागवणारे हात त्याच्यासारख्याच विश्वासणाऱ्या माणसांचे होते.

पंडिता रमाबाईंनी हा भरवसा महाराष्ट्राच्या मातीत जगून दाखवला. विधवा व मुलींसाठी काढलेल्या त्यांच्या शारदा सदन या शाळेला अमेरिकेतील मित्रमंडळाने 10 वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते आणि ती मुदत 1898 मध्ये संपत होती. मुदत जवळ येत असताना खर्च आवरता घ्यावा, असे कोणीही शहाण्या माणसाने सांगितले असते. पण 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. इंग्लंडमध्ये केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलर यांचे चरित्र वाचून, परमेश्वरावर असाच भरवसा हिंदुस्थानात ठेवता येणार नाही का, असा प्रश्न त्यांच्या मनात आला होता. त्याचे उत्तर त्यांनी केडगावच्या माळरानावर शोधले. तिथे प्रार्थना होत होतीच, पण शेती, विणकाम, तेलघाणा आणि छापखानाही चालत होता. देव देईल म्हणून हातावर हात ठेवून बसणे रमाबाईंना कधीच मान्य झाले नसते, आणि मला त्यांच्या विश्वासाचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आमच्या घरात 1972 च्या दुष्काळाची आठवण आजीने जपली होती. ती दुष्काळी कामावर खडी फोडत असे, कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी. शिवारात कणीसही नव्हते, तरी त्या वर्षी मंडळीने सुगीची उपकारस्तुती चुकवली नाही. आजीने पदराच्या टोकाला मूठभर मिलो बांधून नेला आणि वेदीसमोरच्या सुपात सोडला. पाळकांनी बायबलमधील सारफथ गावच्या विधवेचा उतारा वाचला, जिच्या मडक्यातले पीठ दुष्काळ सरेपर्यंत संपले नाही. त्या कथेत मडके काठोकाठ भरल्याचे कुठेही म्हटलेले नाही. पीठ सरले नाही आणि घरातली माणसे पुष्कळ दिवस जेवत राहिली, एवढेच शास्त्र सांगते. सुपात जमलेला तो मिलो संध्याकाळी गावाबाहेरच्या एका आजारी कुटुंबाकडे गेला, आणि ते कुटुंब आमच्या मंडळीतले नव्हते.

भुकेने मेलेल्या माणसांत प्रार्थना करणारेही होते, हे मी विसरत नाही, आणि त्यांचा विश्वास कमी पडला असे म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. अशा वेळी देवाचा पुरवठा कोणाच्या तरी घरात अडून राहिला असावा, ही शंका मला अधिक छळते. त्यामुळे येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ असे म्हणताना त्यातल्या ‘आमची’मध्ये मी आता शेजारच्या दारालाही मोजते, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला दशांश, म्हणजे देवासाठी मिळकतीचा दहावा भाग, बाजूला काढते तो घरखर्चाचा हिशेब मांडण्याआधी.