आमची वाटचाल: बिडाच्या पॅटर्नपासून लाकडी पैलवानांपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या आण्णांचं पॅटर्न शॉप होतं. फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, वाळूचा साचा घालायला आधी लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो, तो पॅटर्न. पंपाची बॉडी असो की उसाच्या चरकाचा रोल, आमच्याकडं तो आधी सागवानात व्हायचा, मग बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात. बीड निवताना आकसतं, मीटरमागं साधारण 10 मिलिमीटर. म्हणून आण्णांच्या पट्टीवरच्या खुणाच तेवढ्या लांबवलेल्या असायच्या. एकदा ती पट्टी मी शाळेत नेली, तर माझी 10 सेंटिमीटरची रेघ बाईंच्या पट्टीवर एक मिलिमीटर जास्त भरली. घरी येऊन विचारलं, तेव्हा आण्णांनी संध्याकाळभर बसवून साचा आणि आकसणं समजावलं. माझा धंदा त्या संध्याकाळी सुरू झाला, असं मी मानते.

पुढं ॲल्युमिनियमचे पॅटर्न सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, व्हायला लागले. आण्णांचं काम घटलं. माळ्यावर मात्र वर्षानुवर्षं वाळलेल्या सागवानाचे तुकडे पडून होते. मी तेव्हा गोकुळ शिरगावला एका कारखान्यात ड्रॉइंग करत होते. त्या तुकड्यांतून घरी जोडता येतील अशी चालती खेळणी करायची, हे आम्ही दोघांनी ठरवलं.

पहिली केली जत्रेतली फटफट होडी. तिचं पेटंट थॉमस पियो या फ्रेंच माणसानं 1891 साली इंग्लंडात घेतलं होतं. जत्रेतल्या होडीत पत्र्याची चपटी पेटी असते. आम्ही तिच्या जागी तांब्याच्या बारीक नळीला दोन वेढे दिले आणि खाली मेणबत्ती ठेवली. वेढ्यातलं पाणी उकळलं की वाफ नळीतलं पाणी मागं ढकलते, आणि वाफ निवली की पाणी परत आत येतं. बाहेर पडताना पाणी सरळ मागं फेकलं जातं, आत शिरताना मात्र चहूबाजूंनी येतं. म्हणून होडी पुढंच जाते. नळीच्या होडीला फटफट आवाज नाही, कारण तो आवाज पेटीच्या पातळ पत्र्याचा असतो. हे आम्ही माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत छापलं. घेणाऱ्याला ते आधी कळायलाच हवं.

खरं नाव झालं ते पैलवानांमुळं. खासबाग कुस्ती मैदानाच्या गावात दुसरं काय सुचणार! खोक्याच्या आत दांड्यावर दोन गोल चकत्या. चकतीचं भोक मध्यावर न पाडता थोडं बाजूला पाडलं, की दांडा फिरताना तिच्यावर टेकलेली पैलवानाची काडी वर-खाली होते. एक चकती दुसरीच्या उलट बसवली, की एक पैलवान उठतो तेव्हा दुसरा बसतो.

जुलैत एका शाळेनं शिबिरासाठी 60 किट घेतले आणि निम्म्याहून जास्त दांडे जाम झाले. मे महिन्यात 6 मिलिमीटरच्या दांड्याला मी 6 मिलिमीटरचंच भोक दिलं होतं. पावसाळी हवेत लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, जाडीत फुगतं. मी रडकुंडीला आले. आण्णा मेणबत्ती घेऊन शाळेत आले, एकेक दांडा काढून त्यावर मेण घासलं, भोकं कानसीनं मोकळी केली. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाले, “लाकूड जित्तं असतंय बाळ. भोकात प्ले ठेवत जा.” प्ले म्हणजे हलायला सैल जागा. तेव्हापासून भोक साडेसहा मिलिमीटरचं असतं, आणि किटमध्ये पॉलिशपेपर आणि मेणाचा तुकडा असतोच. मेणाला किती खर्च येतो, असं एका व्यापाऱ्यानं विचारलं होतं. मला तो हिशोब करायचा नाही.

ऑगस्ट 2019 चा महापूर शाहूपुरीतल्या आमच्या भाड्याच्या गोदामात शिरला. खोक्यांसाठी आणलेलं स्वस्तातलं प्लायवूड पाण्यात थराथरानं सुटलं, कारण त्याचा गोंद दमट हवेपुरता असतो, बुडण्यासाठी नाही. आण्णांचे जुने पॅटर्न मात्र आम्ही धुऊन सावलीत वाळवले आणि बहुतेक वाचले. तेव्हापासून प्लाय महागातलं, वॉटरप्रूफ गोंदाचंच घेतो. किंमत वाढवावी लागली, काही दुकानांनी माल बंद केला. ते मला मान्य आहे.

किटमधले तुकडे पूर्ण तयार द्या, नुसतं अडकवायचं ठेवा, असा आग्रह अजूनही होतो. मी देत नाही. याच गावात बाबूराव पेंटरांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात सिनेमाचा कॅमेरा घडवला. लेथवर काम करणाऱ्या, लोखंड घासणाऱ्या हातांचं हे गाव आहे. आमच्या किटमध्ये काही कडा घासाव्या लागतात, एक भोक स्वतः पाडावं लागतं.

मागच्या दिवाळीत गडहिंग्लजच्या एका मुलानं आमचंच खोकं परत आणून दाखवलं. पैलवान काढून त्यानं जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची आजी आणि उखळ बसवलं होतं, आणि कांडायला मुसळ वर राहावं म्हणून एक चकती घासून अंडाकृती केली होती. आण्णांनी दांडा बराच वेळ फिरवून पाहिला. नव्या किटमध्ये पैलवानांसोबत आता दोन कोऱ्या पट्ट्या आणि एक जास्तीची चकती घालतो.